तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांचे गोल्फचे आयर्न मी परत का घेत नाही

"जुने आयर्न घरात आहेतच ना, मग तेच परत का नाही वापरत?" आयर्न म्हणजे गोल्फचे धातूच्या डोक्याचे क्लब, चेंडू मारायच्या काठ्या; आकडा जितका लहान तितका चेंडू लांब जातो. मी नवा सेट घेतल्यापासून, गेल्या चौदा महिन्यांत, हा प्रश्न मला रेंजवर (सरावाच्या मैदानावर), कॅन्टीनमध्ये, भाचीच्या साखरपुड्यात, सगळीकडे विचारला गेला. विचारणारे बहुतेक मला पंचवीस-तीस वर्षं खेळताना पाहत आलेले. त्यांच्या पुढच्या वाक्यात नेहमी हळहळ असते: "तुझा सात नंबर काय सरळ जायचा!" जायचा, खरं आहे. आणि आता जात नाही, हेही खरं आहे. दर वेळी मी "बघू" म्हणून विषय टाळते आणि घरी येऊन स्वतःशीच उत्तर देत बसते. ते उत्तर आज एकदा पूर्ण लिहून टाकते.

अंगठ्याचं तुम्हाला माहीतच आहे. मुळाशी सांधा झिजलाय, थंडीत बाटलीचं झाकण उघडत नाही, आणि सव्वाशे ग्रॅमच्या स्टीलच्या शाफ्टने (क्लबच्या दांडीने) कडक जमिनीवर फटका मारला की कळ थेट कोपरापर्यंत जाते. डॉक्टरांनी खेळ सोडायला सांगितलं नव्हतं, स्टील सोडायला सांगितलं. म्हणून ग्राफाइटच्या हलक्या शाफ्टचा नवा सेट. हे कारण मी सगळ्यांना देते आणि ते खोटं नाही.

पण ते एकटंच कारण नाही, हेही आता सांगते. माझ्यासोबत खेळणाऱ्या पस्तिशीतल्या मुली जिथे सात नंबर काढायच्या तिथे मला पाच काढावा लागायचा, आणि ते मला खुपत होतं. नव्या सेटमधला सात मी पहिल्यांदा मारला तेव्हा चेंडू बाबांच्या सातपेक्षा जवळजवळ वीस यार्ड पुढे पडला. मला झालेला आनंद अंगठ्याचा नव्हता. खरं तर त्या क्लबवर कोरलेला आकडा तेवढा सात आहे. त्याचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा मागे कललेला कोन, २९ अंश. बाबांच्या सातचा ३६. हल्लीच्या आयर्नमध्ये वजन खाली आणि कडेला ढकललेलं असतं, त्यामुळे कोन कमी करूनही चेंडू उंच जातो, आणि कंपन्या मग आख्खा सेटच एक-दीड नंबर पुढे सरकवतात. त्याचा हिशेब दुसऱ्या टोकाला चुकवावा लागतो. वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांचे क्लब: नवा पिचिंग वेज ४४ अंशांचा, माझा सँड वेज ५६चा, आणि मधल्या त्या मोठ्या खड्ड्यासाठी ५०चा आणखी एक वेज विकत घ्यावा लागला. हे सगळं मला घेण्याआधी ठाऊक होतं. ठाऊक असून मी भुलले.

आता मूळ प्रश्न. खेळ बिघडला तो नव्या क्लबने बिघडवला, असं तुम्ही सगळे धरून चालता. मीही पहिले तीन महिने तेच धरून चालले होते.

बाबा सहा फूट. मी पाच फूट एक इंच. बाबा तोफखान्यात होते, आणि छावणीच्या ज्या नऊ होलच्या कोर्सवर मी सोळाव्या वर्षी खेळायला लागले तिथे होलभोवती हिरवळीचे ग्रीन नव्हते, तेल मिसळलेल्या वाळूचे ब्राऊन होते. मुलींच्या मापाचे क्लब तिथे कुठून येणार? बाबांचाच फोर्ज्ड ब्लेडचा (घडीव पोलादाच्या पातळ डोक्याच्या आयर्नचा) सेट, ग्रिप दोन इंच सोडून खाली धरायची. माझे हात त्यांच्यापेक्षा कितीतरी खाली यायचे, म्हणजे क्लबच्या डोक्याची टाच (दांडीकडचं टोक) जमिनीला टेकायची आणि चोच (पलीकडचं टोक) हवेत राहायची. आयर्नचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, तिरकं असतं, त्यामुळे चोच वर राहिली की तोंड आपोआप डावीकडे बघतं. जितका लॉफ्ट जास्त, तितकं जास्त. माझे चेंडू डावीकडे जायचे आणि वेजचे सगळ्यांत जास्त.

बाबांनी ते पाहिलं आणि उपाय सांगितला. "दार लावू नकोस. मनगट वळवलंस की दार लागलं." फटक्यानंतरही उजवा हात डाव्यावर चढू द्यायचा नाही, क्लबचं तोंड उघडं धरून ठेवायचं. मी ते इतकं घोटलं की पुढे कोणी सांगावं लागलं नाही. चेंडू सरळ जाऊ लागला. तुम्ही ज्याचं कौतुक करता तो माझा सरळ सात नंबर हा असा तयार झालाय: एका चुकीच्या मापाच्या क्लबला दुसऱ्या बाजूने तितकाच रेटा देऊन.

हे मला कळलं एका फिटिंग स्टुडिओत, जिथे खेळणाऱ्याच्या मापाने क्लब तपासून देतात, आणि तेही नवा सेट पहिल्या दिवसापासून उजवीकडे जायला लागल्यावर. तिथल्या मुलाने सातच्या तळाला चिकटपट्टी लावली आणि मला एका फळीवरून चेंडू मारायला लावले. नव्या क्लबची खूण तळाच्या मधोमध उमटली. मग मी हट्टाने गाडीतून बाबांचा सात आणला. खूण पार टाचेला. तो म्हणाला, "मॅडम, हा तुमच्यासाठी चार अंश तरी जास्त उभा आहे." मी वाद घातला. मग त्याने क्लब उलटा करून माझ्यासमोर धरला. तळाचा क्रोम दोन ठिकाणी उडालाय. मधोमध एक मोठा गुळगुळीत डाग, आणि टाचेकडे दुसरा, जरा खोल. मधला बाबांचा, टाचेकडचा माझा. दर फेरीनंतर ओल्या फडक्याने मी तो तळ पुसत आले आणि तिथे दोन डाग का आहेत, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही.

म्हणजे नवा क्लब बरोबर मापाचा आहे, म्हणूनच माझं चुकतं. क्लब डावीकडे ओढत नाही आणि मी मात्र उजवीकडे रेटते. त्यात शाफ्ट निम्म्या वजनाचा. स्टीलचा क्लब वर नेला की त्याचं डोकं कुठे आहे ते तळव्यांना कळायचं, त्याच्या वजनाने स्विंगला थांबा मिळायचा. हलका क्लब वरून काही सांगतच नाही, आणि मी घाईने खाली येते. तिसरी गोष्ट तळाची. ब्लेडची धार अरुंद, ती मी जमिनीत वरून रोवायचे, पुढे पैशाएवढा डिव्हॉट (मातीचा टवका) निघायचा. नव्याचा तळ रुंद. पुण्यात एप्रिल-मेमध्ये जमीन फरशीसारखी होते, तिच्यावर तसाच वरून घाव घातला की तळ उसळतो आणि चेंडूच्या पोटात लागतो.

आता त्या दिवसाबद्दल. ज्यांनी पाहिलं त्यांनी आपापल्या परीने पसरवलंच आहे.

गेल्या मार्चमध्ये महिलांच्या संघांचा सामना होता, मॅच प्ले, म्हणजे जास्त होल जिंकेल तिचा सामना. चौदा होल झाल्यावर मी एक होल मागे होते. पंधरावा पार थ्री (तीन फटक्यांत पुरा करायचा होल), १२८ यार्ड, उजवीकडे कोर्सची भिंत. भाऊ बाबांना बग्गीतून घेऊन आला होता. बाबा तेव्हा सत्त्याऐंशीचे. सेट बदलल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. पाच महिने झाले होते आणि दर रविवारी फोनवर ते विचारायचे, "कसं चाललंय?" आणि मी सांगायचे, "छान." कॅडीने (बॅग सांभाळणाऱ्याने) बॅगेतून नवा सात काढला आणि बाबांची नजर त्याच्यावर गेली, ते मी पाहिलं. काळं डोकं, जाड तळ. लांबूनही कळतं.

पहिला चेंडू भिंतीवरून बाहेर. दुसरा चेंडू टीवर (मारायच्या जागेवर) ठेवला, मनात म्हटलं मनगट सोड, सोड, आणि चाळीस वर्षांच्या सवयीच्या हाताने जे केलं ते केलं. पुन्हा भिंतीपलीकडे. मी होल देऊन टाकला. बग्गीजवळून जाताना बाबा हळूच म्हणाले, "मनगट वळतंय तुझं. दार लावू नकोस."

सामन्यात कॅडी किंवा जोडीदार सोडून कोणाचा सल्ला चालत नाही, हे बाबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यांनी कित्येक वर्षं स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम केलंय. त्यांना राहवलं नाही इतकंच. समोरची खेळाडू चांगली, तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आणि मी, सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात म्हणाले, "बाबा, ते तुमच्या क्लबचं होतं. तुमचा क्लब माझ्या मापाचा नव्हताच कधी. तुम्ही मला गोल्फ नाही शिकवलंत, त्या क्लबची खोड सांभाळायला शिकवलीत."

बाबा "बरं" म्हणाले. फक्त "बरं". मग ते बग्गीत बसले आणि समोर बघत राहिले. मी सोळावाही हरले, तीन आणि दोनने सामना गेला: तीन होल मागे आणि दोनच उरलेले. हात मिळवले, पाणी प्यायले, गाडीत बसले. भाऊ गाडी चालवत होता. येरवड्यापर्यंत कोणी बोललं नाही. तिथे सिग्नलला बाबांनी विचारलं, "सातचा कोन किती?"

"एकोणतीस."

"मग तो पाच आहे," ते म्हणाले. घरापर्यंत बाकी काही नाही.

मी म्हणाले ते चूक नव्हतं. तंत्र म्हणून आजही मी तेच म्हणेन. पण त्या छावणीत दुसरा सेट नव्हता, आणि दुपारची झोप सोडून माझ्यासोबत उन्हात उभा राहणारा दुसरा माणूसही नव्हता. जे हातात होतं त्याने चेंडू सरळ कसा जाईल, ते त्यांनी शोधून दिलं. ते गोल्फ नाही तर काय आहे? हे वाक्य मला त्या पंधराव्या टीवर सुचायला हवं होतं.

तुम्हांपैकी काही जण व्यावसायिक गोल्फपटू रोरी मॅकिलरॉयचं उदाहरण देता. २०१३च्या सुरुवातीला त्याने क्लबची कंपनी बदलली, अबू धाबीत कट चुकला (पहिल्या दोन दिवसांनंतर तो बाद झाला), मार्चमध्ये होंडा क्लासिक स्पर्धा अर्धवट सोडून तो निघून गेला. "एवढ्या मोठ्या खेळाडूचं असं होतं, तर तुझं काय!" पण पुढच्याच वर्षी त्याने त्याच कंपनीच्या क्लबनी ओपन आणि पीजीए या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, ते मात्र सांगत नाही. दुसरे निक फाल्डोचं सांगतात: प्रशिक्षक लेडबेटरकडे दोन वर्षं स्विंग मोडून नव्याने बांधला आणि १९८७ला म्यूरफिल्डच्या कोर्सवर शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल बरोबर पारमध्ये, ठरलेल्या फटक्यांत, खेळून ओपन जिंकली. तो तेव्हा तिशीचा होता आणि दिवसभर चेंडू मारायचा. मी सत्तावन्न वर्षांची आहे, आठवड्यातून दोन सकाळी मला मिळतात, आणि अंगठा साठ चेंडूंनंतर संप करतो. या दोघांच्या गोष्टींतून माझ्यासाठी काय घ्यायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी काय करते ते सांगते. क्लबच्या तोंडावर पावडरचा स्प्रे मारून चेंडू कुठे लागला ते बघते. पाय जुळवून अर्धा स्विंग करते, फटक्यानंतर क्लब कमरेपाशी आला की चोच आकाशाकडे हवी, म्हणजे मनगट वळलं. दर वेळी तीस चेंडूंची नोंद ठेवते. जूनमध्ये तीसांतले एकोणीस उजवीकडे. नोव्हेंबरमध्ये अकरा. गेल्या आठवड्यात सोळा. चढत्या आलेखाची वाट बघणाऱ्यांनी या आकड्यांतून जे काढायचं ते काढावं.

आणि हो, "बाबांचेच वाकवून घे की." फोर्ज्ड मऊ पोलाद असतं, होझलपाशी (शाफ्ट डोक्यात बसतो तिथे) दोन-तीन अंश वाकतं, हे मला माहीत आहे. चारला धोका आहे, पंचेचाळीस वर्षांचा क्रोम तडकू शकतो. शाफ्टही ग्राफाइटचे बसवता येतील. मी हे फोनवर बाबांना बोलले तेव्हा ते लगेच म्हणाले, "वाकव ना. लोखंडच आहे." त्यांना काही वाटलं नाही, माझं मात्र मन धजत नाही. वाकवले की ते माझ्या मापाचे होतील आणि मग मी चाळीस वर्षं काय करत होते याचा पुरावा पुसला जाईल, असं काहीतरी वाटतं. हे कारण कोणाला पटणार नाही. मलाही रोज पटत नाही. कधी रेंजवरून येताना वाटतं, उद्याच टाकून यावेत.

परवा रविवारी बाबांकडे गेले होते. त्यांना आता बारीक दिसत नाही. त्यांनी जुना सात मागितला, मांडीवर उलटा घेतला आणि तळावरून बोट फिरवलं. "हा मधला माझा?"

"हो."

"आणि हा टाचेकडचा?"

"माझा."

त्या दुसऱ्या डागावर त्यांनी अंगठा बराच वेळ ठेवला. मग क्लब मला परत दिला आणि विचारलं, "रेंज किती वाजता उघडते?" सहाला, मी म्हटलं. बुधवारी न्यायला ये, म्हणाले, मला बघायचंय मनगट कसं वळतं ते. मी नवा सात घेणार आहे. जुनाही गाडीत ठेवलाय.