स्टार्ड्यू व्हॅली : पहिल्या वसंतातली कमाई गळाला लावताना

२०१६ साली आलेला ‘स्टार्ड्यू व्हॅली’ हा खेळ वरवर पाहता शेतीचा आहे, आणि म्हणूनच नवा खेळाडू हातातले ५०० गोल्ड (खेळातले पैसे) बियाण्यांत घालून रोपे वाढण्याची वाट पाहत बसतो. मीही पहिल्यांदा तेच केले होते. पार्सनिपचे बी २० गोल्डला मिळते, चार दिवसांनी पीक ३५ गोल्डला विकले जाते, म्हणजे एका रोपामागे हाती १५ गोल्ड उरतात. याउलट डोंगराजवळच्या तळ्यात लागणारा एक साधा लार्जमाउथ बास मासा १०० गोल्ड देऊन जातो आणि त्यासाठी बी, पाणी, प्रतीक्षा यांपैकी काहीच लागत नाही. पहिल्या वसंतात, म्हणजे खेळातल्या २८ दिवसांच्या पहिल्या ऋतूत, मासेमारी हेच कमाईचे मुख्य साधन मानावे आणि शेती तिच्या पैशांवर उभी करावी, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी गावातल्या विली या कोळ्याचे पत्र येते, समुद्रकिनाऱ्यावर गेल्यावर तो बांबूचा गळ देतो, आणि बहुतेक जण तिथेच गळ टाकायला सुरुवात करतात. वसंतात समुद्रात अँकोव्ही आणि हेरिंग प्रत्येकी ३० गोल्डचे, सार्डिन ४० गोल्डचा. हॅलिबट ८० गोल्डचा असला तरी तो ठरावीक वेळीच लागतो. तळ्यात मात्र बास सकाळी ६ ते संध्याकाळी ७ पर्यंत बाराही महिने मिळतो, आणि त्याच्यासोबत ७५ गोल्डचा बुलहेड व ५० गोल्डचा चब दिवसभर लागत राहतात. तेवढीच मेहनत, तेवढीच एनर्जी (कामागणिक घटणारी ताकद), पण दिवसाअखेरची रक्कम जवळपास दुप्पट. शेताच्या उत्तरेकडच्या वाटेने तळे जवळही पडते.

खरा अडथळा मात्र जागेचा नसतो, हाताचा असतो. मासा लागल्यावर एक हिरवी पट्टी दिसते, ती हलत्या माशावर राखली तरच मासा हाती येतो. ही पट्टी बटण दाबले की वर जाते आणि सोडले की वजनाने खाली येते. नवा खेळाडू बटण दाबून धरतो, पट्टी वर आदळते, आणि तोवर मासा तळाशी गेलेला असतो. बटण हलके आणि पटापट दाबत राहिल्यास पट्टी एका जागी तरंगत ठेवता येते, ही एकच सवय पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त पैसे वाचवते. मासा झपकन खाली गेला तर पट्टी एकदम सोडून देऊ नये, कारण ती तळावर आपटून उसळी घेते. पडता पडता एकदोनदा बटण दाबून तिचा वेग मोडावा. हे अजिबातच जमत नसेल, तर विलीकडे २५ गोल्डला मिळणारा सरावाचा गळ घ्यावा, त्यात पट्टी मासेमारी कौशल्याच्या पाचव्या पातळीइतकी मोठी असते. त्याने फक्त सोपे मासे लागतात आणि त्यांचा दर्जा नेहमी साधाच राहतो, म्हणून हात बसला की तो बाजूला ठेवावा.

गळ फेकताना शक्तीची पट्टी पूर्ण भरू द्यावी. काठापासून पाणी जितके दूर, तितका माशाचा दर्जा चांगला मिळण्याची शक्यता वाढते, आणि चांदीच्या दर्जाला सव्वापट, सोन्याच्या दर्जाला दीडपट भाव मिळतो. मासा एकदाही पट्टीबाहेर जाऊ न देता पकडला, तर चांदीचा मासा सोन्याचा होतो. पाण्यात बुडबुडे दिसले तर ती जागा सोडू नये, तिथे मासे खूपच लवकर लागतात.

एनर्जीचा हिशेब सुरुवातीपासूनच करायला हवा. दर फेकीला साधारण ८ एनर्जी जाते आणि सुरुवातीला एकूण २७० असते, म्हणजे दिवसाला फार तर तेहतीस फेकी. त्यातली बरीच एनर्जी झाडे तोडण्यात आणि रोपांना पाणी घालण्यात घालवली, तर तळ्याशी पोचेपर्यंत निम्मा दिवस संपतो. पावसाचा दिवस म्हणूनच मला अत्यंत मोलाचा वाटतो : पिकांना पाणी आपोआप मिळते आणि सगळी एनर्जी गळासाठी उरते. पहिल्या वर्षी वसंताच्या तिसऱ्या दिवशी पाऊस नेहमीच पडतो. त्या दिवशी नदीत २०० गोल्डचा कॅटफिश असतो खरा, पण तो इतका चपळ असतो की पहिल्या आठवड्यात त्याच्यावर दिवस उधळणे परवडत नाही. नदीच गाठायची असेल, तर पावसातच मिळणारा ६० गोल्डचा शॅड पदरात पाडून घ्यावा.

हातात पैसे आल्यावर आधी काय घ्यावे, यावर खेळाडूंमध्ये मतभेद आहेत. पिएरच्या दुकानातली मोठी पिशवी २००० गोल्डची, आणि मासेमारीची दुसरी पातळी गाठल्यावर मिळणारा फायबरग्लासचा गळ १८०० गोल्डचा. वेगवेगळ्या दर्जाचे मासे वेगवेगळे खण अडवतात, त्यामुळे बारा खणांची पिशवी दुपारीच भरते, हे पिशवीच्या बाजूचे म्हणणे खरे आहे. तरीही मी गळच आधी घेतो. त्याला आमिष लावता येते, आमिषाने मासा लागण्याची वाट निम्मी होते, आणि त्या वाचलेल्या वेळातून पिशवीचे पैसे लवकर निघतात. खणांची अडचण तर ५० लाकडांत बनणारी पेटी तळ्याकाठी ठेवून सुटते. ती गावकऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर मात्र ठेवू नये, कारण वाटेतल्या वस्तू ते मोडून टाकतात.

प्रत्येक जातीचा एक मासा न विकता राखून ठेवावा, गावातल्या कम्युनिटी सेंटर या पडक्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी तिथल्या फिश टँकमध्ये द्यायला पुढे बास, कार्प, बुलहेड, सनफिश, शॅड हे सगळे लागतात. मासेमारीच्या पाचव्या पातळीवर फिशर आणि ट्रॅपर या दोन पेशांतून निवड करायची असते. फिशर निवडल्यास प्रत्येक मासा २५ टक्के जास्त भावाने विकला जातो, म्हणजे शंभराचा बास सव्वाशेचा होतो, आणि तळ्याकाठी दिवस काढणाऱ्याने दुसरा विचार करू नये.

या साऱ्या कमाईला एक ठरलेली तारीख आहे : वसंताचा तेरावा दिवस. त्या दिवशीच्या एग फेस्टिव्हल या गावच्या उत्सवात स्ट्रॉबेरीचे बी १०० गोल्डला मिळते, आठ दिवसांत पहिले पीक येते आणि नंतर दर चार दिवसांनी. त्याच रात्री लावलेले रोप वसंत संपण्याआधी दोनदा तोडता येते आणि एका फळाला किमान १२० गोल्ड मिळतात. म्हणून बाराव्या दिवसापर्यंतचे सगळे मासे, फिश टँकचे वगळून, विकून टाकावेत, जमीन आधीच नांगरून ठेवावी, आणि रोज जितक्या रोपांना पाणी घालणे झेपेल तितकेच बी घ्यावे.