मसाई मारातली मच्छरदाणी

केनियाचं नक्की झाल्यावर महिनाभर आमच्या घरात सिंह, चित्ते आणि मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्ट यांच्याच गप्पा चालल्या होत्या. डासांचा विषय पहिल्यांदा काढला तो आमच्या फॅमिली डॉक्टरांनी. "यलो फीवरची लस कधी घेताय?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा निघायला अठरा दिवस उरले होते.

टूरवाल्यांनी फोनवर सांगितलं होतं, "आठवडाभर आधी घेतली तरी चालते." याचा मला आजही राग आहे. लस टोचल्यावर अंगात संरक्षण तयार व्हायला 10 दिवस लागतात, आणि लस घेतल्याचा दाखला म्हणून मिळणारं पिवळं कार्डही तेव्हापासूनच ग्राह्य धरतात. म्हणजे केनियात पाऊल ठेवण्याआधी ते दहा दिवस भरलेले हवेत. आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. हा ताप आपल्या देशात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, तोच डेंगीवाला, आपल्याकडे घरोघरी आहे. म्हणून हा ताप असलेल्या देशातून कार्डाशिवाय परत आलात तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. पुण्यात लवकरची तारीख मिळेना, म्हणून पहाटेच्या गाडीने मुंबई गाठली.

तिथे बाबा गळाले. त्यांचं वय 71. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी वाढते, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी शांतपणे, अजिबात घाई न करता समजावलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मला फोटो दाखवा." परतीच्या गाडीत लोणावळा येईपर्यंत कोणी काही बोललं नाही. तिकिटं काढायच्या आधी डॉक्टरांकडे गेलो असतो तर वेगळा देश निवडला असता. ही रुखरुख अजून गेलेली नाही.

हिवतापावर आमच्यासाठी लस नव्हती, गोळ्या होत्या. डॉक्टरांनी आमची आधीची औषधं तपासून डॉक्सिसायक्लिन दिली. निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू करायची, रोज एक, आणि परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, हे त्यांनी दोनदा बजावलं होतं. प्रवासाच्या दमणुकीत नैरोबीला मी ती घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि तशीच झोपले. पुढचे दोन दिवस घास गिळताना छातीत आग होत होती. या गोळ्यांनी कातडी उन्हाला हळवी होते, तेव्हा टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

आदल्या रात्री सगळं सामान पुन्हा उपसलं. सासूबाईंनी चिवडा, लाडू, मेतकूट असं सगळं निगुतीने कॅरीबॅगमध्ये बांधून दिलं होतं, आणि केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. रात्री बारा वाजता जुन्या ओढण्या फाडून पुरचुंड्या बांधल्या.

मुंबईहून सहा तासांत नैरोबी. नाकुरू आणि नैवाशा या सरोवरांवर तीन दिवस गेले, फ्लेमिंगो दिसले. नारोक गावावरून मसाई माराच्या अभयारण्यात शिरताना ड्रायव्हरदादांनी माझ्या निळ्या जीन्सकडे बोट दाखवून ती बदलायला सांगितली. त्सेत्से माशीला निळा आणि काळा रंग खेचून घेतो, आणि ती कपड्यातूनही चावते. बाकी दिवस मी नवऱ्याच्या खाकी पँटमध्ये काढले.

मारातला आमचा मुक्काम तंबूत होता. विषुववृत्त एवढं जवळ, तरी ऑगस्टमध्ये रात्री स्वेटर लागतो. रोज संध्याकाळी सहाला तंबूची व्यवस्था बघणारा माणूस यायचा. मला "मामा" म्हणायचा, स्वाहिलीत मामा म्हणजे आई. मच्छरदाणीला त्यांच्याकडे "चांदारुआ" म्हणतात. मला आमच्या घरचा चांदवा आठवला. ती सोडण्याआधी तो टॉर्चने तिचा एकेक पदर बघायचा, मग खाली सोडून चारही बाजूंनी गादीखाली खोचायचा आणि शेवटी हात फिरवून कुठे फट राहिली नाही ना, हे पाहायचा. हॉटेलात इतक्या मनापासून केलेलं काम मी फार कमी पाहिलंय.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "राहू दे, आम्ही गोळ्या घेतो." तो थांबला. म्हणाला, "तुमच्याकडे गोळ्या आहेत ते बरं आहे, मामा. पण आम्ही इथेच राहतो." त्याचं गाव व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, किसुमूच्या बाजूला. केनियात हिवताप सगळ्यात जास्त आहे तो त्याच पट्ट्यात. थोरलीला चौथ्या वर्षापर्यंत पाच वेळा ताप आला होता. पाचही वेळा महिना कोणता, पाऊस होता का, दवाखान्यापर्यंत तिला कोणी उचलून नेलं, हे त्याने बोटं मोजत सांगितलं. धाकट्याला मात्र नवी लस मिळाली होती. पश्चिम केनियात लहान मुलांना हिवतापाची लस द्यायला 2019 मध्ये सुरुवात झाली. तिचे चार डोस असतात. "चारही घेतले," तो म्हणाला, आणि चार बोटं माझ्यासमोर धरली. माझ्या अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्यांचा मला जो कंटाळा आला होता, त्याची फार लाज वाटली.

त्या रात्री मच्छरदाणीच्या आत पडून मी बराच वेळ जागी होते. बाहेर तरस ओरडत होतं. नदी ओलांडणारे कळप आम्हाला दुसऱ्या दिवशी दिसले, तेही अगदी जवळून. पण बाबांना फोटो दाखवताना मी आधी त्या खोचलेल्या मच्छरदाणीचा दाखवला.

निघायच्या सकाळी आमची औषधांची पेटी आवरताना त्याची नजर थर्मामीटरवर गेली. आम्ही तो त्याला देऊ केला. त्याने तो तिथेच काखेत धरला, बीप वाजेपर्यंत हललाही नाही. आकडा आला 97.9. त्याचा चेहरा उतरला. आपल्याकडचा थर्मामीटर फॅरनहाइटचा, त्यांच्याकडे ताप सेल्सिअसमध्ये मोजतात. नवऱ्याने बटण दाबून धरलं, माप बदललं. त्याने पुन्हा काखेत धरला. 36.6. "हां," म्हणाला, झाकण लावलं, आणि थर्मामीटर शर्टाच्या खिशात ठेवून वरून बटण लावलं.