दोन काड्यांमध्ये सगळे त्रिकोण

काल भाचीचं होमवर्क घेत होतो तर तिने विचारलं, "मामा, हा त्रिकोण समद्विभुज आहे की काटकोन?" आता दोन्ही असू शकतो ना बाई, ४५-४५-९० वाला आहेच की! पण सहा नावं एका दमात पाठ केली की असा घोळ होणारच. समभुज, समद्विभुज, विषमभुज ही बाजूंवरून पडलेली नावं, लघुकोन, काटकोन, विशालकोन ही कोनांवरून.

मग दोन काड्या घेतल्या, एक ४ सेंटीमीटरची, एक ५ ची, आणि टोकाला टोक टेपने चिकटवलं, म्हणजे कैचीसारखं उघडतं. मोकळ्या टोकांमधलं अंतर ही तिसरी बाजू. पूर्ण मिटलं तर अंतर १, सरळ उघडलं तर ९, आणि दोन्हीकडे त्रिकोण नाहीच, नुसती रेघ. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी पाहिजे असं आपण घोकतो ना, ते हेच.

आता हळूहळू उघडायचं. ३ च्या आत विशालकोन, मोठा कोन ५ वाल्या काडीसमोर, कारण सगळ्यात मोठ्या बाजूसमोरच सगळ्यात मोठा कोन असतो. बरोबर ३ ला काटकोन (९ अधिक १६ बरोबर २५, पायथागोरस आलाच), तो ४ वाल्या काडीच्या मोकळ्या टोकाला. मग लघुकोन सुरू, वाटेत ४ ला समद्विभुज, ५ ला परत समद्विभुज, बाकी सगळीकडे विषमभुज. आणि ६.४ च्या आसपास, म्हणजे ४१ च्या वर्गमूळाला, पुन्हा काटकोन, पण ह्यावेळी टेपपाशी! खरं सांगतो, मला वाटत होतं काटकोन एकदाच येणार. तिथून पुढे विशालकोनच.

"पण समभुज कुठाय?" नाहीच येणार, काड्याच सारख्या नाहीत. मग ५ वाली कापून ४ ची केली. आता अंतर ४ झालं की समभुज, तिन्ही कोन ६० चे. काटकोन मात्र एकदाच आला, साधारण ५.६६ ला, टेपपाशीच. मोकळ्या टोकांचे दोन्ही कोन आता कायम सारखे, ते दोघंच ९० चे झाले तर १८० तिथेच संपले, तिसऱ्याला उरणार काय!