फळी सपाट करण्यासाठी राउटरचे बिट: आधी तळ, मग व्यास

राउटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कापणारे यंत्र, आणि बिट म्हणजे त्यात बसवायचे ते पाते. फळीवरून राउटर सरकवण्याची चौकट, म्हणजे स्लेड, आणि तिचे दोन्ही रूळ एका पातळीत बसवून झाल्यावर काम बिटाच्या निवडीपाशी थांबले होते. ती निवड आता झाली असून रुंद, जाड फळीची एक बाजू सपाटही करून झाली आहे.

साध्या सरळ बिटाने काम होत नाही असे नाही, पण 12 मिमी व्यासाने एवढा पृष्ठभाग विंचरायचा म्हणजे फेऱ्यांना अंत राहत नाही. शिवाय बरीच सरळ बिटे मुख्यतः बाजूने कापण्यासाठी घडवलेली असतात. त्यामुळे तळाने स्वच्छ कापणारे बिट हवे, हे आधी ठरले.

मोठ्या व्यासाचा मोह स्वाभाविक आहे. मात्र व्यास वाढला की पात्याच्या टोकाचा वेगही त्याच प्रमाणात वाढतो. मिनिटाला 22,000 फेरे घेताना 25 मिमी बिटाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 29 मीटर असतो, तर 50 मिमी बिटाचा सुमारे 58 मीटर. म्हणून राउटरचा वेग कमी करण्याची सोय नसेल, तर मोठ्या बिटाचा विचारही करू नये. शँकबाबतही, म्हणजे राउटरच्या पकडीत बसणाऱ्या बिटाच्या दांड्याबाबतही, तडजोड नको. शँकची जाडी दुप्पट झाली की तिचा ताठपणा 16 पट होतो, त्यामुळे पाव इंची शँकवर बसवलेले रुंद डोके मला मुळीच भरवशाचे वाटत नाही.

व्यासाचा खरा हिशेब मात्र कललेल्या राउटरपाशी होतो. राउटर फक्त 0.1 अंश कलला, तरी 50 मिमी बिटाच्या दोन कडांत जवळजवळ 0.09 मिमीचा फरक पडतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण टॉर्चचा झोत आडवा पाडला की प्रत्येक फेरीची कड सावलीसह उठून दिसते आणि नखाला अडते. चौकोनी कोपऱ्याचे बिट ही पायरी धारदार ठेवते. किंचित गोलसर कोपऱ्याचे बिट तिला उतार देते, आणि मग ती सँडिंगमध्ये लवकर निघते. कल मुळातून काढणे हाच खरा उपाय, पण लांब स्लेड मध्यभागी थोडी तरी लवतेच.

अखेरीस अर्धा इंची शँकचे, 38 मिमी व्यासाचे, गोलसर कोपऱ्याचे आणि बदलता येणाऱ्या कार्बाइड पात्यांचे बिट घेतले. धार गेली की पाते फिरवून नवी कड पुढे आणता येते. फक्त त्याआधी पात्याच्या बैठकीतला भुसा आणि राळ पूर्ण काढावी, अन्यथा पाते तिरके बसते. सध्या राउटरचा वेग मिनिटाला 16,000 फेरे ठेवून, फळीवरच्या दर फेरीत सुमारे 1.5 मिमी आणि शेवटी जेमतेम 0.5 मिमी कापतो आहे. गाठींभोवतीचे लाकडाचे तंतू त्या शेवटच्या हलक्या फेरीतच शांत बसले. दूरच्या काठाला मात्र चिरफळ्या निघाल्या, म्हणून दुसरी बाजू घेताना तो काठ आधी बाहेरून आत कापून घेणार आहे.