संत्र्यातून आलेले हातगोळे

१९४७ च्या एप्रिलमध्ये, पॅलेस्टाइनवर ब्रिटिशांचं राज्य असताना, जेरुसलेमच्या मध्यवर्ती तुरुंगात फाशीची वाट बघणाऱ्या दोन पोरांकडे संत्री पोचली. आतला गर काढून त्यात हातगोळे बसवलेले. गोळेही तुरुंगातच तयार झाले होते, चोरून आत आणलेल्या स्फोटकांतून, इतर कैद्यांच्या हातांनी. जाफाच्या संत्र्याची साल चांगली जाड असते, म्हणून हे जमलं असावं, असा आपला माझा अंदाज.

एकाचं नाव मेइर फाइनस्टाइन, दुसऱ्याचं मोशे बराझानी. मेइर एकोणीस वर्षांचा, मोशे त्याच्याच आगेमागे.

मेइर जेरुसलेमच्या जुन्या शहरातला. महायुद्धात वय वाढवून सांगून ब्रिटिश फौजेत भरती झालेला, म्हणजे ज्यांचा गणवेश घातला त्यांच्याच विरुद्ध पुढे उभा राहिला. इर्गुन ही त्याची संघटना, ब्रिटिशांविरुद्ध लढणारी ज्यूंची भूमिगत सशस्त्र संघटना. ३० ऑक्टोबर १९४६ ला जेरुसलेमच्या रेल्वे स्टेशनात स्फोटकं भरलेल्या सुटकेस ठेवल्या गेल्या. त्या निकामी करायला गेलेला ब्रिटिश पोलीस जागीच गेला. पळताना गोळी लागून मेइरचा डावा हात कायमचा गेला.

मोशे इराकमध्ये जन्मलेला. लहानपणीच कुटुंब जेरुसलेमला आलं, घरची गरिबी. तो लेहीचा. लेही म्हणजे १९४० मध्ये इर्गुनमधून फुटून निघालेला जास्त जहाल गट. मार्च १९४७ मध्ये लष्करी कायदा लागू असताना तो रस्त्यात पकडला गेला, खिशात हातगोळा. या कोर्टाचा अधिकारच मानत नाही म्हणाला. दीड तासात फाशीची शिक्षा.

एक इर्गुनचा, एक लेहीचा. बाहेर दोन्ही गटांचं फारसं सख्य नव्हतं. कोठडीत एकत्र आले.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातून इस्रायलला आलेले मराठी ज्यू. आमच्या घरात दोघांपैकी मोशेचं कौतुक जास्त आहे, हे कबूल करते. कारण सरळ आहे. पूर्वेकडून आलेल्या ज्यूंची नावं इथल्या गोष्टींत नेहमी मागून येतात. आमच्या लोकांना तर १९६०च्या दशकात लग्नासाठी आपण ज्यू आहोत हे सिद्ध करायला सांगितलं गेलं होतं, १९६४ पर्यंत त्यासाठी भांडावं लागलं. तेव्हा इराकी पोराचं नाव शाळेच्या पुस्तकात दिसलं की आजी बोट ठेवून दाखवायची.

गेल्या हिवाळ्यात ठाण्याहून मावशी आली, तिला तो तुरुंग दाखवायला नेलं. रशियन कंपाउंड म्हणतात त्या भागात. मूळची इमारत रशियन यात्रेकरू बायकांसाठी बांधलेली, ब्रिटिशांनी तिचा तुरुंग केला, आता तिथे भूमिगत चळवळीतल्या कैद्यांचं संग्रहालय आहे. फाशीची शिक्षा झालेल्यांना लाल कपडे घालायचे. मावशी म्हणाली, "लाल कशाला? लांबून दिसावा म्हणून?" मला सांगता आलं नाही.

बेत असा होता की एक गोळा फाशी द्यायला येणाऱ्या अधिकाऱ्यांवर टाकायचा आणि दुसरा स्वतःसाठी. पण २१ एप्रिलच्या रात्री रब्बी (ज्यू धर्मगुरू) याकोव्ह गोल्डमन भेटायला आले आणि म्हणाले, पहाटे मी तुमच्याबरोबर असेन. पोरांनी त्यांना परोपरीने नको सांगितलं. खरं कारण सांगता येत नव्हतं. रब्बी ऐकेनात. मग त्यांनी बेत बदलला. मध्यरात्रीच्या सुमारास दोघं 'आदोन ओलाम' ही प्रार्थना म्हणाले, एकमेकांना मिठी मारली आणि मधे गोळा धरून फोडला. 'आदोन ओलाम' आमच्या ठाण्याच्या सिनेगॉगातही म्हणतात. मावशी तिथेच, कोठडीच्या गजांपाशी, पुटपुटायला लागली.

या जागी माझ्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीचा गळा दाटून येतो. चापेकर बंधूंपासून सगळे आठवतात. पण मेइरच्या त्याच इर्गुनने जुलै १९४६ मध्ये किंग डेव्हिड हॉटेल उडवलं. दुधाच्या कॅनमधून स्फोटकं आत नेली, ९१ माणसं मेली. त्यात अरब, ब्रिटिश आणि ज्यूही. एप्रिल १९४८ मध्ये दैर यासीन गावात इर्गुन आणि लेहीने शंभरावर अरब मारले, बायकापोरांसकट. संत्र्यांची गोष्ट सांगताना हे गाळणाऱ्यांचा मला राग येतो, मग तो आमच्या घरचा का असेना. इर्गुनचा म्होरक्या मेनाखेम बेगिन पुढे पंतप्रधान झाला. १९९२ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला जेरुसलेमच्या ऑलिव्ह पर्वतावर मेइर आणि मोशेजवळ पुरलं.

त्या रात्री कोठडीबाहेर थॉमस गुडविन नावाचा ब्रिटिश पहारेकरी होता. मेइरने आपलं बायबल त्याला दिलं, त्यावर दोन शब्द लिहून. आणि प्रार्थना करायची आहे, जरा बाजूला हो, अशी विनंती केली. गुडविन बाजूला झाला, म्हणून वाचला. २००७ मध्ये त्याच्या मुलाने ते पुस्तक इस्रायलला आणून परत केलं.

मावशीला हे मुळीच पटलं नाही. "दिलेली वस्तू कधी परत करतात का? बापाला दिली होती, त्यांच्या घरातच राहायला हवी होती." मी म्हटलं, तो सरकारी ठेवा आहे. "सरकारला कुठे दिलं होतं त्याने?" घरी येईपर्यंत बसमध्ये आमचा वाद चालला होता, आणि पुढच्या सीटवरच्या बाईंना मराठी येत होतं, त्या मावशीच्या बाजूने बोलायला लागल्या.