माठाचं कोडं सुटलं, चौथा माठ रद्द (छोटा फ्रिज, आठवडा १२)

सुटलं एकदाचं! माठातलं पाणी पूर्वीसारखं गार का होत नाही, या ज्या कोड्याने गेले पाच आठवडे माझं डोकं पोखरलं होतं ते परवा सकाळी गॅलरीतल्या दोरीवरच्या टॉवेलने सोडवली, आणि टॉवेल दाखवला आईंनी, म्हणजे सासूबाईंनी. मागची नोंद मी "रविवारी जाऊन चौथा माठ आणते" असं म्हणून संपवली होती. तो आता येत नाहीये. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

आधी पटकन बाकीचं. ३१० लिटरचा डबल डोअर फ्रिज नणंदेकडे कल्याणला गेला त्याला आता बारा आठवडे होतील, आणि आमचा सेकंडहॅन्ड ९५ लिटरचा छान चाललाय. आत दूध, दही, ताक, भिजवलेलं पीठ, उरलंच तर रात्रीचं थोडं आणि आईंचे डोळ्यांत घालायचे थेंब, बस. प्लगच्या मीटरवर जुना दिवसाला १.३ युनिट खायचा, हा ०.६ वर आहे. कोपऱ्यात पडून राहिलेली वाटी सापडून तिचा वास आला असं बारा आठवड्यांत एकदाही झालेलं नाही, दार उघडलं की सगळं एका नजरेत दिसतं, आणि हे मला इतकं आवडतं की कधी कधी मी नुसतं बघायला दार उघडते. नियम तोच, पाण्याची बाटली आत जाणार नाही. जुन्या फ्रिजच्या दारात सहा बाटल्या असायच्या, म्हणजे विजेवर आपण मुख्यतः पाणीच सांभाळत होतो. म्हणून माठ.

आणि माठ मार्चमध्ये काय सुंदर चालला होता ते तुम्हाला आठवत असेल, मी रीडिंगं टाकली होती. दुपारी बाहेर ३६ अंश आणि माठातलं पाणी २४! वाळ्याची जुडी टाकलेली, ओगराळ्याने काढून प्यायचं, लेक शाळेतून आला की आधी माठाकडे जायचा. मग एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून २६, २७, आणि मे लागला तसं थेट २९. आईंनी एक घोट घेतला, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हे गार नाही गं, हे नुसतं निवलेलं आहे."

मला वाटलं माठाची छिद्रं बुजली. सगळे तेच सांगतात ना, माठ जुना झाला की क्षार बसतो आणि तो पाझरायचा थांबतो. मग मी माठ रिकामा करून काथ्याने बाहेरून घासला (साबण नाही, माती साबण धरून ठेवते), दोन दिवस उन्हात पालथा ठेवला, पुन्हा रात्रभर भिजवून भरला. २९. दुसरा आणला, काळा, १२ लिटरचा, जांभळी नाक्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला घेतला, टिचकी मारून, टणटणीत आवाज ऐकून. २९. रंगाचा काही संबंध नाही हे मात्र त्यातून पक्कं कळलं, काळा माठ भट्टीत धूर कोंडून काळा होतो एवढंच, गारव्याला माती किती सच्छिद्र आहे ते महत्त्वाचं. तिसरा ऑनलाइन मागवला, तोटीवाला, आणि ते पैसे वाया गेले ते गेलेच. बाहेरून ऑइल पेंटची वेलबुट्टी आणि वर चकचकीत पॉलिश, म्हणजे पाझरायला जागाच नाही, ३१ च्या खाली कधी आला नाही आणि विकणाऱ्याने परतही घेतला नाही. कृपा करून रंगवलेला माठ पाण्यासाठी घेऊ नका, कितीही देखणा असला तरी. आणि तोटी हवीच असेल तर स्टीलची घ्या, दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर, आणि हातानेच आवळा, पान्हा लावलात तर माठ तडकतो.

मी हे सगळं कशाने मोजते असं काहींनी विचारलं होतं म्हणून सांगते. टोक बुडवायचा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे, महागातला नको. आर्द्रता मोजायचं यंत्र मात्र तपासून घ्या. एका झाकणात मीठ, त्यात थोडंसं पाणी घालून ओलसर चिखल करायचा, तो आणि यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवायचं, सकाळी यंत्राने ७५ टक्के दाखवलं पाहिजे. माझं ६८ दाखवत होतं, म्हणजे दर वेळी ७ मिळवायचे. काट्याचं गोल यंत्र आधी घेतलं होतं ते तर काहीही दाखवायचं, ते काढून टाकलं.

तर मग मी माठ वजन करायला लागले. सामानाचा हुकवाला काटा आहे ना प्रवासाचा, त्याला सुती शिंकं बांधून. मार्चमध्ये त्याच लाल माठातून दिवसाला ९०० ग्रॅमच्या आसपास पाणी उडत होतं (तेव्हा सहज म्हणून लिहून ठेवलं होतं, बरं झालं), आता जेमतेम ३५०. म्हणजे पाझरतोय, बाहेरून हात लावला की ओला लागतो, पण उडत नाहीये. हे वहीत लिहून मी दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले होते, आणि परवा सकाळी सव्वासातला आई गॅलरीत गेल्या, रात्री वाळत घातलेला टॉवेल चाचपला आणि तिथूनच मला म्हणाल्या, "अगं, टॉवेल रात्रभर वाळला नाही, तुझा माठ कुठून गार होणार?"

आईंचं माहेर अमरावतीचं. तिथे मे महिन्यात धुणं दोरीवर टाकून वळेपर्यंत पहिलं धुणं वाळतं असं त्या सांगतात, आणि माठाच्या पाण्याने दात शिवशिवायचे. म्हणजे ज्या हवेत कपडे वाळतात त्याच हवेत माठ गार होतो, काम एकच. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, एका ग्रॅमला साधारण ५८० कॅलरी, हिशोब केला तर १० लिटर पाणी १० अंशांनी खाली आणायला पावणेदोनशे ग्रॅम उडालं तरी पुरेल, पण बाहेरची उष्णता सतत आत येत असते म्हणून प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट लागतं. आणि हवाच पाण्याने भरलेली असेल तर उडणार कुठे.

मग मी ते करून पाहिलं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं मलमलचं फडकं गुंडाळलं आणि टेबल फॅनसमोर धरलं. याला वेट बल्ब म्हणतात, हवा किती गार करू शकते त्याची ही खालची हद्द. गॅलरीत ३३.५ अंश, आर्द्रता ६८ टक्के. आकडा उतरत उतरत २८.६ ला आला आणि थांबला, दहा मिनिटं धरून ठेवला तरी हलला नाही. माठात टोक बुडवलं, २९.२. म्हणजे बिचारा माठ जवळपास हद्दीपर्यंत पोचलेला होता! पाच आठवडे मी त्याला घासत होते आणि त्याच्यात काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं. मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडा वारा असायचा, आर्द्रता ३० टक्के, तेव्हा हद्दच २३ ची होती. आता खाडी या बाजूला, समुद्र त्या बाजूला, दुपारी पश्चिमेचा वारा सुरू झाला की ठाण्याची हवा ओली गच्च. त्याच दिवशी अमरावतीला मामांना फोन केला, तिथे ४३ आणि आर्द्रता १५ टक्के, म्हणजे हद्द २३ च्या आत. आपल्यापेक्षा दहा अंश जास्त तापलेलं गाव आणि माठ पाच-सहा अंशांनी जास्त गार. मला हे इतकं सुंदर वाटलं की रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं.

यावरून ते दोन माठांचं वाळूवालं प्रकरण पण उलगडलं, ज्यात भाजी ठेवायचा माझा प्रयोग तीन दिवसांत चिकट झाला होता. मोठ्यात छोटा माठ, मध्ये ओली वाळू, ही कल्पना नायजेरियाच्या मोहम्मद बाह अब्बा यांनी पुन्हा पुढे आणली आणि २००० साली त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मनसुखभाई प्रजापतींचा मातीचा फ्रिज वांकानेरचा. उत्तर नायजेरिया काय, सौराष्ट्र काय, उन्हाळ्यात कोरडं ठणठणीत. कल्पना उत्तमच आहे, पण ती कोरड्या हवेची आहे, खाडीकाठची नाही. इथे आतली कोथिंबीर सुकली नाही, सडली. तेव्हा भाजी दोन दिवसांची, स्टेशनवरून येताना जांभळी नाक्याला, पिशवीत मावेल तेवढीच, आणि कोथिंबीर मुळांसकट भांड्यातल्या पाण्यात उभी. हे जमलंय, यात आता बदल नाही.

मग पाण्याचं काय? टेबल फॅन लावून पाहिला, २९.२ चं २८.९, हद्दीच्या खाली फॅनही नेऊ शकत नाही, नुसती वीज. पण पहाटे साडेपाचला मी ओलं फडकं धरलं तेव्हा २५.३ आलं! पहाटे आर्द्रता जास्त असते पण हवाच २८ वर आलेली असते. म्हणून काल रात्री साडेदहाला लाल माठ भरून गॅलरीच्या कठड्याजवळ वाऱ्याच्या तोंडी ठेवला, सकाळी २५.९. आईंनी प्यायलं आणि म्हणाल्या, "आता बरंय." सकाळी सहाला आत आणून कडाप्प्यावर ठेवला, नेहमीसारखं भोवती ओलं फडकं गुंडाळलं, आणि दुपारी एकला २८.४. परत तेच.

आणि इथे, हे लिहिता लिहिताच थांबून वही काढली. सकाळी आत आणताना माठातलं पाणी २६ आहे आणि दुपारच्या हवेचा दवबिंदू (त्याहून गार वस्तूवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते तो आकडा) २६.८ च्या आसपास येतोय. म्हणजे माठ तेवढा तापेपर्यंत त्याच्यावरून पाणी उडत नाहीच, उलट हवेतली वाफ त्याच्यावर दव होऊन बसतेय आणि त्याला तापवतेय! ओलं फडकं दिवसा चुकीचं आहे. दिवसा कोरडं पाहिजे, जाड पाहिजे, उष्णता आत येऊ द्यायची नाही, बर्फवाले लादी गोणपाटात गुंडाळून ठेवतात तसं. कपाटाच्या तळाशी आईंची जुनी गोधडी आहे, देऊन टाकायच्या गठ्ठ्यात गेली होती, ती आत्ता बाहेर काढली. सकाळी माठ आत आणायचा, पुसायचा, गोधडीत गुंडाळायचा, वर लाकडी झाकण.

अडचण एकच, भरलेला माठ चौदा किलो आहे आणि रोज दोनदा उचलायचा म्हणजे पाठीचा प्रश्न. आधी वाटलं पाच-पाच लिटरचे दोन छोटे घ्यावेत. पण नाही, विकत काही नको, मनी प्लांटच्या कुंडीखाली चाकांचं स्टँड आहे तेच काढते, गॅलरीच्या दाराच्या पट्टीवर फळी टाकली की सरळ बाहेर ढकलता येईल. मनी प्लांट जाईल त्या रंगवलेल्या माठात, तोटीच्या भोकातून जास्तीचं पाणी निघून जाईल, आणि तो दिसायला खरंच छान आहे. आणि १२ लिटरचा काळा खाली गेटवर, वॉचमन काकांशी बोललेय, रात्रपाळीचे काका भरतील, शेडमध्ये सावली आहे. पार्सलवाली मुलं भर दुपारी येतात, त्यांना पाणी मिळेल. अक्षय्य तृतीयेला माठ द्यायचा राहिला होता याची आईंना रुखरुख होती, त्या आत्ताच पेला आणि साखळी शोधायला लागल्यात.

मृगाचा पाऊस लागला की हवा ९० टक्क्यांच्या पुढे जाईल, तेव्हा माठ घासून, कडक वाळवून पालथा घालायचा आणि तांब्याचा हंडा काढायचा असं ठरवलंय. तोवर दोन-अडीच आठवडे आहेत, गोधडीचा प्रयोग नीट करून घेते. आत्ता दहा वाजून चाळीस मिनिटं झालीत, माठ भरलाय, गॅलरीत ३०.२ आणि ७४ टक्के. पहाटेचं आणि दुपारी एकचं रीडिंग उद्या टाकते.