मुद्दाम सोडलेलं पाणी

पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न मला हमखास येतो. पाटबंधारे खात्यातली नोकरी संपवून शिरोळला परतलो, तरी जगभरच्या नद्यांचं वाचायचं खूळ गेलं नाही, हे गावाला ठाऊक. त्यामुळे पारावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर रक्त तपासायला गेलो तिथंही: "साहेब, ते चीनवाले शहरं वाचवायला खेडी मुद्दाम बुडवतात म्हणे. खरं काय?"

खरं आहे. आणि लपूनछपूनही नाही. कोणती खेडी, ते आधीच ठरलेलं असतं.

आनहुई प्रांतात हुआई नदीवर वांगज्याबा नावाचे दरवाजे आहेत, १९५३ साली बांधलेले. त्यांच्या आत मंगवा हा १८० चौरस किलोमीटरचा सखल मुलूख. एरवी तिथं शेती. वांगज्याबाला पाणी २९.३ मीटरच्या वर चढत राहिलं की वरून हुकूम येतो, दरवाजे उघडतात आणि उभी पिकं पाण्याखाली जातात. २० जुलै २०२० ला सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ते उघडले, तेव्हा पाण्याची पातळी दाखवणारं गेज २९.७५ मीटरवर होतं. बांधल्यापासूनची ती सोळावी वेळ. सखल भागात उरलेली २,०१७ माणसं त्याआधी रातोरात हलवली होती. बाकीची वस्ती झुआंगतायवर होती. झुआंगताय म्हणजे शेतांमध्ये घातलेले मातीचे उंच भराव आणि त्यांवर भिंतीला भिंत लावून बांधलेली घरं. मंगव्यात असे १३१ भराव आहेत. पुरात त्यांची बेटं होतात. त्या तालुक्यात पाणी सोसणारी वाळुंजाच्या जातीची झुडपं लावतात आणि त्यांच्या काड्यांच्या टोपल्या विणून विकतात. बुडायचंच आहे तर बुडून जगणारं पीक घ्या, असा तो हिशेब.

हुआईवरच ही पाळी का, हे आमच्याकडच्या माणसाला पटकन कळतं. ११९४ साली पीत नदी दक्षिणेला सरकून हुआईच्या पात्रात घुसली. साडेसहाशे वर्षं तिथूनच समुद्राला गेली आणि १८५५ ला परत उत्तरेकडे निघून गेली, पण गाळ मागे ठेवून. हुआईचं तोंडच बुजलं. नदीला पुढं जायला वाट नसली की मागं फुगवटा येतो. कृष्णा-पंचगंगेच्या बेचक्यात राहणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. (नृसिंहवाडीला पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारानं बाहेर पडलं की आम्ही सोहळा करतो. तेच पाणी आणखी चढलं की ट्रॅक्टरमध्ये गाद्या टाकतो.) १९५० च्या हुआईच्या पुरात लोक झाडांवर चढले आणि तिथं सर्पदंशानं मेले. पुरात माणूस आणि साप एकच फांदी शोधतात. त्यानंतर हे दरवाजे बांधले गेले.

मला त्यातला दरवाजा फारसा मोठा वाटत नाही. तसे आपणही बांधतो. मला मोठी वाटते ती ठरलेली पातळी. पाणी इथवर आलं की अमुक मुलूख बुडणार, आणि बुडवलं कुणी हेही जाहीर. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या घरात माळ्याला टेकलं. पाणी ओसरल्यावर वर्षभर आम्ही भांडलो: धरण, पूल, भराव, पाऊस, नक्की दोष कुणाचा?

पण आरती ओवाळावी असंही तिथं नाही. २०२३ च्या जुलैअखेर बीजिंगच्या डोंगरात १४० वर्षांत झाला नव्हता असा पाऊस झाला, आणि शेजारच्या हेबेई प्रांतात पाणी सोडलं गेलं. झुओझोऊ शहर बुडालं, पुस्तकांची गोदामं लगद्याची झाली. प्रांताचे पक्षप्रमुख नी युएफंग म्हणाले, हेबेईनं राजधानीचा खंदक व्हावं. लोक भडकले, भडकणारच. खंदकाला घरदार नसतं. त्याआधी दोन वर्षं झेंगझोऊत एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला, मेट्रोत माणसं बुडाली, आणि पुढं सरकारी चौकशीतच निघालं की शहरानं १३९ मृत्यू लपवले होते. गेजचा आकडा जाहीर करणारी व्यवस्था मेलेल्यांचा आकडा दाबून ठेवते, हे मला अजून पचत नाही.

त्याच झेंगझोऊजवळ, १९३८ साली, जपान्यांना अडवायला चिनी सैन्यानं स्वतःच पीत नदीचा बांध फोडला होता. लाखो माणसं गेली. मुद्दाम सोडलेल्या पाण्याची ही आठवण काही फार जुनी नाही.

एवढं ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: भरपाई किती? मी सांगतो, २००० साली केलेल्या नियमात असं होतं: आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी उत्पन्नावर पिकाचे ५० ते ७० टक्के, घराच्या नुकसानीचे ७० टक्के. मागं कुरुंदवाडचा एक ऊसवाला हे ऐकून म्हणाला, "सत्तर? मग बुडवा की आमास्नी!"

त्याची बायको शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "त्या भरावावर म्हशीला जागा असती काय, ते इचारा आधी."